निळ्या काठाचा मग

१

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, कायदा विभागामागच्या अंगणात कचऱ्याच्या लोखंडी डब्यात, दहा वर्षांच्या गुणांची राख सापडली.

तेव्हा झोलिले मात्शोबा मुख्य इमारतीच्या पायऱ्यांपाशी उभा होता. विद्यापीठाच्या पहारेकऱ्यांचा तो मुख्य. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, कंबर अधूनमधून धरणारी. अकरा दिवस पोरं त्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसली होती आणि अकरा दिवस तो त्यांच्यासमोर उभा होता.

"ताता, आज कुणाला उचलणार ते आधी सांगा," एक पोरगी म्हणाली. "म्हणजे मी केस विंचरून बसते."

"आज माझी कंबर धरलीय. उचलायचं असेल तर तूच मला उचल."

पोरं हसली. चिडवायची, पण त्याला ताता म्हणजे बापच म्हणायची.

त्यांचं म्हणणं साधं होतं. लेखी परीक्षेत पहिली येणारी काळी मुलं तोंडी परीक्षेत जेमतेम काठावर पास होत. लेखी पेपरावर नाव नसतं, तोंडीला चेहरा दिसतो. कुलगुरू म्हणाले, पुरावा दाखवा. पुरावा एकाच फाईलमध्ये होता. तोंडीला तीन परीक्षक बसत आणि प्रत्येक जण आपले गुण आपल्या हातानं कागदावर लिहून देई. संगणकात जाई ती नुसती बेरीज. अकरा दिवस घसे कोरडे करून पोरांनी एवढं कबूल करून घेतलं होतं, की गुरुवारी सकाळी ती फाईल सगळ्यांसमोर उघडायची.

आणि बुधवारी ती जळाली.

मात्शोबा नोंदींच्या खोलीत शिरला तेव्हा कपाट उघडं होतं. टेबलावर निळ्या काठाचा एक पांढरा इनॅमलचा मग होता, कडेला टवके उडालेला. चहा काठोकाठ, गार, वर साय धरलेली. त्यानं पेनानं तळ ढवळला. साखरेचा थर लागला. चहा कुणी तोंडाला लावलेलाच नव्हता.

दाराशी भेटीला येणाऱ्यांची वही होती. त्यात त्या दुपारी एकच नाव होतं. लुखान्यो म्बोतोली, आत एक वाजून पाच, बाहेर दीड. लुखान्यो म्हणजे आंदोलनाचा पुढारी.

उपकुलसचिवांनी त्याला तिथंच गाठलं. वयानं ते त्याच्या मुलाएवढे होते.

"झोलिले, शुक्रवारी दहाला समिती बसतेय. तुझा अहवाल तेव्हा हवा. पोरगा आत शिरला, आरामात चहा करून घेतला, फाईल जाळली. एवढं लिही आणि सही कर."

"जी फाईल त्यालाच हवी होती, ती तो कशाला जाळेल, सर?"

"उघडली असती तर त्यात काही निघालं नसतं म्हणून."

एकोणीसशे शहाऐंशी साली मात्शोबालाही कॉलेजातून असंच काढलं होतं, एका अहवालावर. खाली सही होती एका काळ्या पहारेकऱ्याची. त्या माणसाचं नाव त्याला अजून पाठ होतं, आणि आता तोच गणवेश त्याच्या अंगावर होता.

२

लुखान्योला वसतिगृहाच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. बाहेर जकरांडाची जांभळी फुलं पडत होती आणि पलीकडून पोरांची गाणी ऐकू येत होती. पोरगा बावीस वर्षांचा, बारीक, शेवटच्या वर्षाला. शुक्रवारी काढलं असतं तर चार वर्षं पाण्यात गेली असती, आणि असला डाग लागलेल्याला या देशात वकिली कोण करू देणार?

मात्शोबानं आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. लुखान्योनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ताता, चहात साखर घातलीय की साखरेत चहा?"

"तू घेत नाहीस?"

"बाबांचे दोन्ही पाय साखरेनं गेले. तेव्हापासून आमच्या घरात साखरच येत नाही."

मात्शोबानं झाकण परत घेतलं. "त्या खोलीतला चहा कुणी केला?"

"मी."

"कप कुठं असतात तिथं?"

"भिंतीला. हुकांना अडकवलेले."

"मग तो इनॅमलचा मग तुला कुठं मिळाला?"

पोरगा खिडकीकडे बघू लागला. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलायला गेलं की असंच मध्येच अडकतं.

"फाईल तू जाळलीस?"

"नाही." हे मात्र ताडकन आलं.

"तुझ्याबरोबर आत कोण होतं?"

"ताता, शुक्रवारपर्यंत थांबा."

"शुक्रवारी तुला हाकलतील, बाळा."

"ठाऊक आहे," लुखान्यो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तरी थांबा."

३

नोंदींच्या खोलीला कुलूप असलं तरी तिची किल्ली सेक्रेटरीच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असे. विभागातल्या कुणालाही ती घेता आली असती, आणि विभागात माणसं होतीच किती? तोंडीला बसणारा तिसरा परीक्षक दरवर्षी बाहेरगावचा. चहा आणि झाडलोट बघणारी मा नोम्बुलेलो मंगळवारीच भावाच्या मातीला चारशे किलोमीटरवर गेली होती. उरले तिघं. गुरुवारी सकाळी मात्शोबा एकेकाकडे गेला.

विभागप्रमुख प्रोफेसर फर्माक यांनी त्याला बसा म्हटलं नाही. चहाचा तर प्रश्नच नव्हता.

"मी बारा ते तीन कुलगुरूंसमोर बसलो होतो. दहा माणसं सांगतील. आणि झोलिले, माझ्या गुणांची मला लाज नाही. मी सगळ्यांनाच झोडतो, गोऱ्याला आणि काळ्याला. फाईल उघडली असती तर मला हवंच होतं."

मात्शोबानं मगाचा फोटो पुढे केला.

"सहलीला नेतात तसला मग. त्यानं आणला असेल बरोबर."

सेक्रेटरी हेट्टी फूरी सोळा वर्षं एक ते दोन जेवायला जात आली होती. बुधवारीही ती चार मैत्रिणींबरोबर कँटीनमध्ये होती. तिनं कँटीनमधून त्याच्यासाठी कॉफी मागवली आणि विचारलं, "साखर किती, झोलिले?" मग फोटो पाहून नाक मुरडलं. "शी. माळ्याचा असेल. आमच्या स्वयंपाकघरात असलं काही मी कधी बघितलं नाही."

तिसऱ्या डॉक्टर अ‍ॅलिसन कार्सवेल, फर्माकांबरोबर तोंडीला बसणाऱ्या. डोकं दुखतंय म्हणून गुरुवारी त्या घरीच होत्या. विद्यापीठात मात्शोबाला मिस्टर मात्शोबा म्हणणारं गोरं माणूस हे एकटंच. एकोणनव्वद साली काळ्या विद्यार्थ्यांबरोबर मोर्चात चालून त्यांनी पोलिसांचा मार खाल्ला होता, आणि या खेपेलाही पायऱ्यांवर पोरांच्या शेजारी सतरंजीवर तीन दिवस बसल्या होत्या. पोरं त्यांच्यावर जीव टाकत.

व्हरांड्यात त्यांनी स्वतः चहा ओतला, तीन चमचे साखर घातली आणि ढवळून कप त्याच्या हातात दिला. तो तेवढीच घेई, त्यामुळे त्याला बरं वाटलं. बाईंचे डोळे सुजलेले होते.

"काल दुपारी मी विभागात माझ्या खोलीत पेपर तपासत होते, मिस्टर मात्शोबा. मला काहीच ऐकू आलं नाही. उद्या मी समितीला सांगणार आहे, पोरगा गुणी आहे, त्याच्यावर दया करा."

"दया," मात्शोबा म्हणाला.

"आणखी काय मागणार?"

त्यानं फोटो दाखवला. त्यांनी तो जरा लांब धरला.

"बिचाऱ्या नोम्बुलेलोचा मग. तिला नका हो यात ओढू. ती तर तेव्हा इथं नव्हतीही."

परत येताना मात्शोबाला काहीतरी खुपत होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. जोड्यात खडा असावा आणि काढायला बसलं की सापडू नये, तसं चाललं होतं.

४

मा नोम्बुलेलो गुरुवारी पाच वाजता बसमधून उतरली ती तडक विभागातच आली. बाहीला सुतकाची काळी चिंधी टाचलेली, हातात अजून प्रवासाची पिशवी.

"भाऊ नीट गेला ना, मा?"

"नीट गेला, गात्येनी. मातीला पाऊस पडला." मात्शोबाच्या कुळाचं नाव गात्येनी. आपल्या माणसाला मानानं हाक मारायची तर कुळाच्याच नावानं. "आणि इथं काय आग लावलीत रे तुम्ही?"

तिनं स्वयंपाकघर उघडलं. सहा कप हुकांना होते आणि त्यांच्यावर तिचं पांढरं फडकं, चारही टोकं हुकांत खोचलेली. ती फडक्याजवळ वाकली.

"मी मंगळवारी खोचलं तसंच आहे. मी नसताना यांचा चहा कँटीनमधून येतो. कुणी कपाला हात लावलेला नाही."

"मग बुधवारी इथं ज्यानं चहा केला, त्यानं तो ह्यात ओतला," मात्शोबा म्हणाला आणि त्यानं पिशवीतून मग काढला.

म्हातारी स्टुलावर बसली.

"माझा आहे," ती म्हणाली. "तू कुठून काढलास हा?"

ती उठली, तिनं मोरीखालचं कपाट उघडलं, फरशी पुसायची फडकी बाजूला केली, फिनेलची बाटली सरकवली. पाईपच्या मागे फळीवर गंजाचं एक गोल वर्तुळ होतं. तो इनॅमलचा मग त्यावर बरोबर बसला.

"पंच्याण्णव सालापर्यंत मी यातच प्यायची. वरच्या कपांना आमचा ओठ लागला की विटाळ. सगळ्यांनाच ठाऊक होतं, नोम्बुलेलोला चहा द्यायचा तर खालून मग काढायचा, दूध-साखर सढळ घालून. मग काळ्या-गोऱ्यांचे कायदे बदलले. मला कप मिळाला. या मगाचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही, म्हणून राहिला बिचारा जागच्या जागी. वीस वर्षं झाली."

"हे कपाट दुसरं कोण उघडतं?"

"फरशी पुसायला कोण येणार आहे? फर्माक? तो तर दोन हजार तीन सालचा. हेट्टी नव्व्याण्णवची. त्यांनी हा मग जन्मात पाहिलेला नाही."

मात्शोबाला खडा सापडला. सकाळी एकाला तो सहलीचा मग वाटला होता, दुसरीला माळ्याचा. मालकिणीचं नाव एकीनंच घेतलं होतं.

"पंच्याण्णवच्या आधीपासून इथं असलेलं आता कोण उरलंय, मा?"

तिनं बाहीवरची चिंधी नीट केली.

"ते नाव माझ्या तोंडून काढून घेऊ नकोस, गात्येनी. माझ्या थोरल्याला तिनं वाचायला शिकवलंय."

५

शुक्रवारी सकाळी सातला कार्सवेलबाईंनी दार उघडलं. त्या झोपलेल्या दिसत नव्हत्या. मात्शोबा या वेळी व्हरांड्यात बसला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला. त्याला हे काम नको होतं. फर्माकनं हे केलं असतं तर किती सोपं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"मॅडम, तो चहा लुखान्योनं केला नव्हता. तो साखर घेत नाही, आणि त्या मगात तळाला थर होता. स्वतःसाठी चहा करणारं माणूस समोरचे सहा कप सोडून मोरीखाली, फिनेलच्या मागे मग शोधायला जात नाही. म्हणजे चहा त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी केला, आणि ज्याला ते कपाट ठाऊक होतं त्यानं केला. असं माणूस आता विभागात एकच आहे. आणि काल माझ्या कपात तुम्ही न विचारता तीन चमचे घातलेत."

त्यांनी चौकटीला हात टेकला.

"तुम्ही तीनच घेता ना?"

"घेतो. पण तुम्हाला ठाऊक नव्हतं."

रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली.

"मीच त्याला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, गुरुवारची वाट कशाला बघायची, फर्माकचे गुण त्याला आधीच दाखवू. मला इतकी खात्री होती, मिस्टर मात्शोबा. मी फाईल काढून दिली आणि चहा करायला गेले. परत आले तेव्हा तो वाचत होता. मी चहा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तेव्हा कुठं मला दिसलं, की मी काय आणलंय." त्यांचा आवाज फुटला. "पंच्याण्णव साली सगळ्यांशी भांडून नोम्बुलेलोला कप मीच मिळवून दिला होता. आणि माझाच हात खाली गेला. मी विचारसुद्धा केला नाही."

"आणि फाईल?"

"तो 'थँक्यू, मॅडम' म्हणाला आणि गेला. मग मी वाचली. फर्माक खरंच सगळ्यांना झोडतो. माझं तसं नव्हतं. प्रत्येक काळ्या मुलाला तीन कमी, चार कमी. दहा वर्षं. शेजारी माझेच शेरे: आत्मविश्वास नाही, बोलणं अडखळतं. ठरवून केलं असतं तर निदान मी स्वतःला ओळखलं तरी असतं."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं जुनी माणसं म्हणतात. मात्शोबाला वाटायचं, हे दुष्ट माणसांबद्दल आहे. ही बाई दुष्ट नव्हती. त्याचंच त्याला फार वाईट वाटत होतं.

"दहाला या," तो म्हणाला. "मी सगळं लिहिलंय, पण एका मगावर समिती हसेल. तुम्ही बोललात तरच पोरगा वाचेल."

"माझी तीस वर्षं जातील."

"हो. नाहीतर त्याची सगळीच जातील."

त्यांनी काही कबूल केलं नाही. दार हळूच लोटून घेतलं.

६

दहा वाजले. समितीचे पाच जण बसले होते, शेजारी विद्यापीठाचा वकील. टेबलावर पिशवीत मग. भिंतीशी लुखान्यो, शेजारी त्याची आई, चर्चला जायच्या कपड्यांत. कार्सवेलबाईंची खुर्ची रिकामी होती.

मात्शोबाचा अहवाल वकिलानं वाचला आणि तो खरोखरच हसला. "चमचे, फडकी, गंजाचं वर्तुळ. ही समिती आहे, स्वयंपाकघर नव्हे."

उपकुलसचिवांनी दुसरा कागद पुढे सरकवला, आधीच टाईप केलेला. "झोलिले, इथं सही."

"नाही करणार, सर."

"तुला दोन वर्षं राहिलीत फक्त. विचार कर."

"तीस वर्षं विचारच करतोय," मात्शोबा म्हणाला आणि त्यानं पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

सव्वादहा झाले. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि सहीविनाच पुढे जाऊ म्हणाले. लुखान्यो त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर दारावर होती, आणि मात्शोबाला आत्ता कळलं, की हा पोरगा तीन दिवस कशाची वाट बघत होता.

दार उघडलं. बाई आत आल्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"चहा मी केला होता," त्या म्हणाल्या. "फाईलही मीच जाळली. त्यात माझे गुण होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मगाचंही. लुखान्योची आई गोऱ्यांच्या घरात धुणीभांडी करत आली होती. मगाचं ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

पोरगा सुटला. पण वकील हुशार होता. त्याच दुपारी विद्यापीठाचं पत्रक निघालं, की हा एका व्यक्तीचा दोष असून त्या व्यक्तीनं राजीनामा दिला आहे. कागद जळालेले, त्यामुळे गेल्या दहा वर्षांतल्या मुलांचे गुण आता कुणालाच परत मोजता येणार नव्हते. पोरं पायऱ्यांवरून उठली नाहीत. तो तेरावा दिवस गेला, मग चौदाव्याची गाणी सुरू झाली.

पायऱ्यांवर परतायच्या आधी लुखान्यो कायदा विभागाच्या स्वयंपाकघरात आला. मात्शोबा तिथं स्टुलावर कंबर टेकून बसला होता.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस रे," मात्शोबा म्हणाला.

"मी सांगितलं असतं तर तिला पकडल्यासारखं झालं असतं, ताता. मला वाटत होतं, तिनं आपण होऊन यावं. म्हणजे मग मला तिचं आधीचं सगळं खरं मानता आलं असतं."

"आली ना?"

"आली." तो थोडा थांबला. "तुम्ही जाऊन आल्यावर आली."

मा नोम्बुलेलोनं मग घासूनपुसून ओट्यावर पालथा घातला होता. आता तिनं हातोडी घेतली आणि सहा हुकांच्या शेजारी सातवा खिळा ठोकला. तो मग तिनं त्यावर अडकवला.

"फेकून का देत नाही, मावशी?" लुखान्योनं विचारलं.

"फेकला तर विसरतील. खाली ठेवला तर हात आपोआप जातो. इथं समोर असला म्हणजे निदान विचार करून तरी उचलतील."

तिनं एक कप काढला, चहा ओतला आणि साखरेचा डबा हातात घेऊन त्याच्याकडे वळली.

"किती घालू, बाळा?"

लुखान्योनं मान हलवली. त्यानं कप दोन्ही हातांत धरला आणि तिथंच मोरीशी उभा राहून रडला, आणि ती दोघं त्याचं रडणं संपेपर्यंत थांबली.